टेबलापलीकडची भावजय

दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत ते केंद्र होतं. बाहेर पाटी होती ती नुसती 'सल्ला केंद्र' अशी. कसला सल्ला ते लिहिलेलं नव्हतं, आणि ते मुद्दामच. जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं तर बाईला 'दाढ दुखतेय' म्हणता यावं म्हणून केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी ही जागा निवडली होती. "आपल्याकडे येणाऱ्या बायकांच्या दाढा दुखतात तेवढ्या जगात कुणाच्या दुखत नसतील," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

ताई तिथे चौदा वर्षं काम करत होत्या. त्याआधी बावीस वर्षं त्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. नवरा गेला, बोर्ड बंद पडून नवी यंत्रं आली, आणि घरात भिंतींशी बोलायची वेळ येणार असं दिसायला लागल्यावर त्या इथे आल्या. सुरुवातीला दार उघडायला आणि फॉर्म भरून घ्यायला. पण समोरची बाई बोलता बोलता कुठे थांबते आणि का थांबते, हे त्यांना इतकं नेमकं कळायचं की मॅडमनी त्यांना रीतसर शिकवलं आणि टेबलाच्या अलीकडे बसवलं.

आता नव्या मुलींना त्याच शिकवायच्या. खुर्ची अशी ठेवायची की आलेल्या बाईला दार दिसलं पाहिजे; दार पाठीमागे असलं की तिचं अर्धं लक्ष पाठीत असतं. घड्याळ तिच्या मागच्या भिंतीवर लावायचं, म्हणजे आपण मनगटाकडे बघत नाही. फॉर्मवर पहिलं विचारायचं ते नाव नव्हे. कोणत्या नंबरवर फोन केला तर चालेल, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगू. "'तू काय केलंस म्हणून त्यानं मारलं?' हा प्रश्न जिभेवर आणायचा नाही," ताई सांगायच्या. "खरं-खोटं पारखायला कोर्ट आहे. आपण विश्वास ठेवायचा. तिच्या परवानगीशिवाय एक शब्द या दाराबाहेर नाही. आणि ठरवायचं ते तिनं. आपण रस्ते दाखवायचे, हात धरून ओढायचं नाही. ओढणारा तिच्या घरी आहेच."

मुली वहीत उतरवून घ्यायच्या. त्यांतली एक इतकी उंच होती की सगळे तिला जिराफ म्हणायचे, आणि तीसुद्धा फोनवर "जिराफ बोलतेय" म्हणायची. कामाला मात्र चोख.

एका मंगळवारी दुपारी बेल वाजली. ताईंनी दाराच्या भिंगातून पाहिलं, तर बाहेर त्यांची भावजय उभी.

त्यांना वाटलं, छोटूला काही झालं. छोटू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वय पंचेचाळीस, चौकात चष्म्यांचं दुकान, गल्लीत मान. पण ताईंच्या तोंडी अजून छोटूच. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि ताई सोळाच्या. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याच्या लग्नात उभं राहण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं होतं. स्वतःला मूल झालं नाही, त्याची खंतही त्यांना कधी फारशी वाटली नाही. छोटू होता ना.

"काय गं? छोटू बरा आहे ना?" त्यांनी दार उघडताच विचारलं.

"बरे आहेत," भावजय म्हणाली. "ताई, मला फॉर्म भरायचाय."

ताईंना आधी कळलंच नाही. शेजारणीसाठी आली असेल, मैत्रिणीसाठी असेल, असं काहीबाही मनात येऊन गेलं. भावजय आत आली आणि दार दिसणाऱ्या खुर्चीवर बसली. ताई सवयीनं टेबलाच्या अलीकडे बसल्या. अठरा वर्षांत या दोघी अशा समोरासमोर कधी बसल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात बसायच्या त्या शेजारी शेजारी, मटार सोलत.

"घरी यायचंस की," ताई म्हणाल्या.

"घरी तुम्ही नणंद आहात. तुम्ही ऐकून घेतलं असतं, चहा केला असता, आणि संध्याकाळी त्यांचा कान धरायला दुकानात गेला असता. इथे तुम्हाला कुणाला सांगता येत नाही. तुम्हीच म्हणाला होतात मागे जेवताना."

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तसं. चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचंही धड दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या चष्म्याच्या जाड काचांवरून घरात थट्टाही चालायची. छोटू चिडला की आधी तिचा चष्मा काढून घ्यायचा. ओढून नाही, दोन्ही हातांनी, दुकानात गिऱ्हाइकाचा काढतात तसा. काड्या मिटायचा, डबीत ठेवायचा, डबी बंद करायचा. मग मारायचा. चेहऱ्यावर कधीच नाही. आणि नंतर डबी स्वतःबरोबर दुकानात घेऊन जायचा. एक दिवस, दोन दिवस, एकदा तर नऊ दिवस. तेवढे दिवस ती भिंत धरून घरात वावरायची.

"नऊ दिवस?" ताईंच्या तोंडून निघालं.

"मागच्या वर्षी. तुम्ही आला होतात तेव्हा. माझे डोळे आलेत म्हणून मी झोपून आहे, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं."

ताईंना आठवलं. त्या आल्या होत्या, दारातूनच "आराम कर गं" म्हणाल्या होत्या, आणि छोटूनं केलेली कॉफी पिऊन गेल्या होत्या. वर मैत्रिणीला सांगितलं होतं की माझा भाऊ बायको आजारी पडली तर स्वयंपाकसुद्धा करतो.

चौदा वर्षं ज्या प्रश्नाला त्यांनी जिभेवर येऊ दिलं नव्हतं तो आज घशापर्यंत आला होता. तू काही बोललीस का त्याला? काही केलंस का? माझा छोटू उगाच कशाला हात उचलेल? त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला घट्ट धरला आणि शेकडो बायकांना सांगितलेलं वाक्य सांगितलं.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही."

भावजयीनं त्यांच्याकडे बघितलं. जाड काचांमागचे तिचे डोळे लहान दिसायचे. "ताई," ती हळूच म्हणाली, "विश्वास बसायला वेळ लागला तरी चालेल."

मॅडम कडक नव्हत्या, पण नियमाला पक्क्या होत्या. नात्यातली केस नात्यातल्या माणसानं हाताळायची नाही. भावजय "मला ताईच हव्यात" म्हणाली, तेव्हा मॅडमनी तिला अर्धा तास समजावलं आणि मग काम जिराफकडे दिलं. ताईंना आत बोलावून म्हणाल्या, "तुम्ही जे ऐकलंत ते इथेच ठेवायचं. भावाला बोलायचं नाही, आडून सुचवायचं नाही, चेहऱ्यावरही आणायचं नाही. त्याला संशय आला तर भोगायचं तिला आहे. आणि यापुढे तिचं काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही. ताई, तुम्हाला मी काय सांगावं?"

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. बरोबरच होतं. हेच तर त्या शिकवत होत्या.

दर गुरुवारी भावजय यायची. घरी सांगितलं होतं, लायब्ररीत जाते. ताई तिला दार उघडायच्या, ती "नमस्कार" म्हणायची, आणि जिराफ तिला आतल्या खोलीत घेऊन जायची. दार लागायचं. ताई बाहेर बसून दुसऱ्या बायकांचे फॉर्म भरायच्या. फायलींच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती. रोज सकाळी त्या कपाट उघडायच्या, वरच्या कप्प्यातली ती फिकट निळी फाईल दिसायची, आणि त्या शेजारची फाईल काढून कपाट लावायच्या. एकदा बोट लागलं तर भाजल्यासारखा हात मागे घेतला.

कठीण होते ते रविवार. दर रविवारी दुपारी ताई भावाकडे जेवायला जायच्या, आणि न जाणं शक्य नव्हतं. एक रविवार चुकला तर छोटू फोनवर फोन करायचा. तो हसत दार उघडायचा. "ये गं, तुझी खुर्ची वाट बघतेय." ताट तोच वाढायचा. ताईंच्या चष्म्याची काडी सैल झालेली त्याच्या लगेच लक्षात यायची. खिशातून बारका पेचकस काढून तो ती आवळून द्यायचा, चष्मा त्यांच्या नाकावर बसवायचा आणि कानामागे दोन्ही बोटांनी हलकेच चाचपून विचारायचा, "टोचत नाही ना?"

"नाही टोचत," ताई म्हणायच्या. इतका हलका हात होता त्याचा. लहानपणी मांजराच्या पिल्लाला दूध पाजायचा तेव्हाही असाच. ताई त्या हाताकडे बघत बसायच्या आणि घास तोंडातच फिरत राहायचा.

"तब्येत बरी नाही का तुझी?" छोटू विचारायचा. "त्या बायकांचं रडगाणं ऐकून ऐकून तू स्वतः आजारी पडशील एक दिवस. सोड ते काम."

भावजय खाली मान घालून भात वाढायची.

असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी ताई गेल्या, तेव्हा भावजयीच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. ती टेबलाशी बसली होती. पाण्याच्या पेल्यासाठी तिनं हात पुढे केला तो पेल्याच्या चार बोटं डावीकडे पडला. बोटं टेबलावरून सरकत पेल्यापर्यंत गेली. छोटू समोर बसून गाजराच्या चकत्या करत होता, सगळ्या एकसारख्या.

ताई गप्प बसल्या असत्या तर पुढचं वेगळं झालं असतं का, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. पण त्या गप्प बसल्या नाहीत.

"हिचा चष्मा कुठंय?"

"दुरुस्तीला," छोटू म्हणाला. "काच सैल झाली होती."

"मग दुसरा दे. चष्म्याच्या दुकानदाराच्या बायकोला दुसरा चष्मा नाही?"

"देईन की. उद्या."

"उद्या का? आज दे. तिला त्याच्याशिवाय दिसत नाही, माहीत नाही का तुला?"

आवाज चढला होता. ताईंना स्वतःलाच तो परका वाटला. छोटूनं सुरी खाली ठेवली. त्यानं ताईंकडे बघितलं, मग बायकोकडे, मग पुन्हा ताईंकडे. आणि हसला.

"अठरा वर्षांत तू हिच्या चष्म्याची चौकशी केल्याचं मला आठवत नाही. आज काय झालं? काही सांगितलं वाटतं हिनं?"

"मी कशाला काय सांगू," भावजय म्हणाली. ती बोलत होती त्या बाजूला कुणीच बसलेलं नव्हतं.

ताईंनी सारवासारव केली. वय झालंय, डोकं दुखतंय, चिडचिड होते. छोटूनं त्यांना गोळी दिली आणि कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. "काळजी घे गं," म्हणाला.

त्या गुरुवारी भावजय आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. जिराफ काही बोलली नाही. पण तिनं आतल्या खोलीतला फोन तीनदा उचलून ठेवला, ते ताईंनी पाहिलं. त्याच दिवशी त्या मॅडमच्या खोलीत गेल्या आणि आपण काय केलं ते सगळं सांगितलं. मॅडमनी डोळे मिटून ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर ताईंना बरं वाटलं असतं.

"प्रेमापोटी केलंत," मॅडम एवढंच म्हणाल्या.

"ते तर सगळेच म्हणतात," ताई म्हणाल्या, "आपल्याकडच्या बायकांचे नवरेसुद्धा."

ताईंनी राजीनामा लिहून आणला होता. मॅडमनी तो घेतला नाही. "तुम्ही घरी बसून तिला काय उपयोग?" म्हणाल्या. इथे राहूनही काही उपयोग नव्हता, पण ते दोघींपैकी कुणी बोललं नाही.

तिसऱ्या आठवड्यात जिराफ ताईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "एकच निरोप द्यायला तिनं परवानगी दिलीय. तेवढाच देते. 'ताईंना म्हणावं, रविवारी येत जा. पण मला काही विचारू नका.'"

"ती ठीक आहे?"

जिराफनं मान खाली घातली. एवढी उंच मुलगी, पण त्या क्षणी ताईंपेक्षा बुटकी दिसली. "ताई, मला नका ना विचारू."

म्हणून ताई रविवारी जात राहिल्या. भावजयीच्या डोळ्यांवर चष्मा असला की त्यांना श्वास घेता यायचा. लायब्ररी बंद झाली होती; 'पुस्तकं वाचून डोळे आणखी बिघडतात' असं छोटूनं जाहीर केलं होतं. भावजयीच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. छोटूनंच ती बांधली होती, सुबक. ताईंनी विचारलं नाही. हवापाण्याच्या गप्पा मारल्या, जेवण छान झालंय म्हणाल्या, आणि घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. वाटलं, असं गप्प राहणं आणि आंधळेपणानं कॉफी पिऊन जाणं, बाहेरून बघणाऱ्याला यांत काय फरक दिसेल?

आणखी दोन महिने गेले. एका बुधवारी सकाळी ताई कामाला निघत होत्या, तर छोटू दारात. अंगात कालचाच सदरा.

"ती गेली," तो म्हणाला. "काल मी दुकानातून आलो तर घराला कुलूप. तीन वाजता गेली म्हणे, एक पिशवी घेऊन. कुठंय ती?"

कशी गेली, कुणी नेलं, हे ताईंना कुणीच सांगितलं नव्हतं. काल दिवसभर जिराफ बाहेर होती, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि तेही त्यांनी मनात मागे ढकललं.

"मला माहीत नाही, छोटू."

"तुझ्या त्या बायकांचं काम आहे हे. तुला माहीत असणारच."

"नाही माहीत. आणि असतं तरी सांगितलं नसतं."

तो बघतच राहिला. मग उंबरठ्याशी खाली बसला, ताई शेजारी टेकल्या, तसं त्यानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस हमसून हमसून रडत होता. ताईंचा हात आपोआप त्याच्या केसांत गेला. तो काढून घ्यावा असं त्यांना वाटलं, आणि काढवेना.

"मी काय कमी केलं तिला?" तो म्हणाला. "रोज थोडाच मारायचो मी? कधीतरी. तीसुद्धा असं काही बोलायची की…"

ताईंचा हात थांबला. इतके महिने जे ओठांशी कोंडून ठेवलं होतं त्याला आता वाट मिळाली होती.

"हे आज तू तुझ्या तोंडानं मला सांगितलंस," त्या म्हणाल्या, "म्हणून आता बोलते. ती काय बोलायची ते मला ऐकायचं नाही. तू मारायचास. तुझा हात, तुझं काम. तो हात मी धुतलाय, जेवायला शिकवलाय, म्हणून मला जास्त लाज वाटते. छोटू, मारणाऱ्या पुरुषांशी बोलणारा एक डॉक्टर आहे. मी पत्ता देते. तू जा."

छोटूनं डोकं उचललं. डोळे पुसले. त्याचा चेहरा हळूहळू दुकानातल्यासारखा नीटनेटका झाला.

"मी वेडा आहे का?" तो म्हणाला. "तू आईसारखी म्हणून आलो होतो. तूही त्यांच्यातलीच निघालीस." आणि जिना उतरून गेला. पर्समधून काढलेला पत्त्याचा कागद ताईंच्या हातातच राहिला.

पुढे नातेवाइकांत बोलणं पसरलं. बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला, सगळं टाकून निघून गेली, बिचाऱ्यानं किती सांभाळलं. चुलत बहिणीनं फोन करून ताईंना विचारलं, "खरं काय गं? तुला तर सगळं माहीत असेल." माहीत होतं, पण त्या टेबलावर ऐकलेलं, म्हणजे त्यांचं नव्हतं. आणि छोटूनं स्वतः कबूल केलेलं सांगावं, तर तो बायकोचा माग काढायला आणखी पेटायचा. ताईंनी खूप विचार केला आणि जे नणंद म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं तेवढंच बोलल्या. "अठरा वर्षं मी तिच्या शेजारी बसून जेवलेय. ती वेडी नाही." बहिणीला ते फारसं पटलं नाही. त्यानंतर तिचे फोन कमी झाले.

एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ताई मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या. निळी फाईल कपाटातून गेली होती. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही.

"कुठंय ते नका सांगू," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे, बरी आहे, एवढं तरी."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "तिनं सांगू नका म्हटलंय. कुणालाच. मी तिला विचारलं होतं, ताईंना सुद्धा नाही का? ती म्हणाली, ताईंना सुद्धा नाही." मग म्हणाल्या, "हे एवढं सांगितलं तेही मी चुकलेच."

"मला भेटायचं नाही म्हणाली का?"

"ताई, बसा ना जरा."

ताई बसल्या नाहीत. जायची वेळ झालीय म्हणाल्या.

मध्ये चार-पाच महिने गेले. एकदा भाजी घेताना समोरून छोटू आला. वाळला होता. ताईंना वाटलं, तो रस्ता ओलांडून पलीकडे जाईल, पण तो थांबला.

"तिनं माझ्याबद्दल काही विचारलं का?"

"मला माहीत नाही."

"मग तुला माहीत तरी काय आहे गं?" तो म्हणाला. चिडून नाही, खरंच कळत नसल्यासारखा. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं. मग तो गर्दीतून पुढे गेला.

भाजीवाली म्हणाली, "ताई, आणखी काय देऊ?"

ताईंना काही आठवेना. पिशवीत काय काय घेतलंय ते त्यांनी दोनदा बघितलं, आणि तशाच घरी आल्या.